कुत्र्यांतील स्तनकर्करोगाच्या रेण्वीय खुणा

कुत्रीच्या पोटाखाली काखेपासून जांघेपर्यंत दोन ओळींत साधारणपणे स्तनग्रंथींच्या पाच जोड्या असतात. निर्बीजीकरण न झालेल्या मादीला होणाऱ्या गाठींमध्ये सर्वाधिक गाठी याच ग्रंथींत होतात, आणि त्यांतल्याही बहुतेक मागच्या दोन जोड्यांत. पाच वर्षांच्या आतल्या कुत्रीला असा रोग क्वचित होतो. आठ ते दहा हे त्याचे नेहमीचे वय. या गाठींपैकी ढोबळमानाने निम्म्या सौम्य असतात आणि निम्म्या कर्करोगाच्या. खरी अडचण याच निम्म्या-निम्म्या हिशेबात आहे. गाठ आहे की नाही हे कळण्यासाठी रेणू शोधावे लागत नाहीत, बोटे पुरतात. बोटांना कळत नाही ते हे की हाताला लागलेली गाठ जागच्या जागी राहणार की फुप्फुसापर्यंत जाणार. रेण्वीय खुणांचे, म्हणजे ज्यांना बायोमार्कर म्हणतात त्या रेणूंचे, मोल याच प्रश्नावर ठरते. यवतमाळसारख्या जिल्ह्यात त्याला आणखी एक कसोटी लागते: ती खूण ज्या नमुन्यात शोधायची, तो नमुना प्रयोगशाळेपर्यंत धड पोहोचतो का.

तपासणीची सुरुवात हातानेच होते. कुत्रीला कुशीवर किंवा पाठीवर निजवून प्रत्येक ग्रंथी अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून फिरवली जाते. गाठ कातडीबरोबर सरकते की खालच्या स्नायूला चिकटलेली आहे, तिच्यावरची कातडी फुटली आहे का, जांघेतली आणि काखेतली लसिकाग्रंथी वाढली आहे का, हे पाहिले जाते. मग मोजपट्टी. तीन सेंटिमीटरच्या आतली, म्हणजे लहान लिंबाहून मोठी नसलेली गाठ पहिल्या वर्गात येते. तीन ते पाच सेंटिमीटरची दुसऱ्या आणि त्याहून मोठी तिसऱ्या. लसिकाग्रंथीत आणि दूरच्या अवयवात प्रसार झाला आहे का, हे पाहून टप्पा ठरतो. छातीचा एक्स-रे शस्त्रक्रियेपूर्वीच काढायचा असतो, कारण प्रसार बहुधा फुप्फुसात होतो. ही साधी मापे आजही कोणत्याही एकट्या रेणूइतकी, किंबहुना अधिक, भरवशाची आहेत. एक सेंटिमीटरची गाठ काढून टाकलेली कुत्री पुढे अनेकदा बरी राहते, पण तीच गाठ सहा सेंटिमीटरची होईपर्यंत वाट पाहिली तर चित्र पालटते. सौम्य गाठी काळाच्या ओघात कर्करोगाकडे झुकतात, असे मानायला पुरेसा आधार आहे.

वाट पाहिली जाते त्याची कारणेही नेहमीचीच. दूध साठले असेल, खोटी गाभण असेल, आपोआप बसेल, असे मालकाला वाटते. गाठीवर हळद-चुन्याचा लेप लागतो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातला दिवस गाई-म्हशींचे कृत्रिम रेतन, लाळ-खुरकुताची लस आणि शेळ्यांची आजारपणे यांतच जातो, त्यामुळे म्हाताऱ्या कुत्रीची न दुखणारी गाठ रांगेत मागे पडते. यात एक धोकादायक गफलत होते. दाहक स्तनकर्करोग हा या रोगाचा सर्वांत उग्र प्रकार आहे. त्यात ग्रंथी लाल, गरम, सुजलेली आणि दुखरी होते आणि ती स्तनदाहासारखीच दिसते. अलीकडे व्यालेली नसलेल्या, वयस्क कुत्रीला स्तनदाह झाल्यासारखे दिसले तर आधी हा रोग मनात यायला हवा. त्यात शस्त्रक्रियेने सहसा फायदा होत नाही, आणि प्रतिजैविके देऊन आठवडे घालवणे तर परवडणारेच नाही.

रोगाचे मूळ संप्रेरकांत आहे. कुत्री माजावर येऊन गेली की गर्भ राहो अथवा न राहो, तिच्या अंडाशयातून सुमारे दोन महिने प्रोजेस्टेरॉन स्रवत राहते. या प्रोजेस्टेरॉनमुळे खुद्द स्तनग्रंथीच वृद्धी-संप्रेरक तयार करू लागते, आणि ग्रंथीतल्या पेशींना दर माजानंतर वाढीचा असा लोट मिळतो. माज टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या प्रोजेस्टेरॉनसदृश इंजेक्शनांनी गाठींचा धोका वाढतो, तोही याच वाटेने. १९६९ मध्ये श्नायडर, डॉर्न आणि टेलर यांनी अमेरिकेत केलेल्या अभ्यासातले आकडे आजही सर्वत्र सांगितले जातात: पहिल्या माजापूर्वी निर्बीजीकरण केल्यास ०.५ टक्के, पहिल्या माजानंतर ८ टक्के आणि दुसऱ्यानंतर २६ टक्के. हे आकडे फार वेळा चुकीचे वाचले जातात. शंभरातल्या किती कुत्र्यांना कर्करोग होईल, हे ते सांगत नाहीत. निर्बीजीकरण न झालेल्या मादीचा धोका शंभर धरला तर त्या तुलनेत किती धोका उरतो, ते सांगतात. २०१२ मध्ये या विषयावरच्या साऱ्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेतला गेला, तेव्हा पुरावा समजला जातो तितका बळकट नाही, असे दिसले. तरीही संप्रेरकांचा संबंध नाकारण्याजोगा नाही. भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण २००१ च्या आणि नंतर २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार होते. त्याचा हेतू संख्या आटोक्यात ठेवणे हा असला, तरी त्या माद्यांच्या वाट्याला हा फायदाही येतो. रस्त्यावरची कुत्री आठ-दहा वर्षे जगणे मुळात विरळ. म्हणून हा रोग दवाखान्यात दिसतो तो मुख्यतः यवतमाळ, पुसद, वणी अशा गावांतल्या घरी पाळलेल्या, चांगले खाऊन-पिऊन म्हाताऱ्या झालेल्या लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड आणि पॉमेरेनियन माद्यांत.

गाठीतून नमुना घेण्याची पहिली पायरी म्हणजे बारीक सुई. २२ किंवा २३ गेजची सुई गाठीत घालून, दिशा बदलत पेशी ओढून घ्यायच्या, काचपट्टीवर पसरायच्या, हवेत वाळवायच्या आणि गिम्सा किंवा लीशमन रंगाने रंगवायच्या. हे काम तालुक्याच्या गावीही होऊ शकते. स्तनाच्या गाठीत मात्र या पद्धतीला मर्यादा आहे. कुत्र्यांत मिश्र गाठी खूप आढळतात. एकाच गाठीत ग्रंथीच्या पेशी, त्यांना वेढणाऱ्या स्नायुउपकला पेशी, कूर्चा आणि कधी कधी चक्क हाडही असते. सुई जिथे शिरली तिथले तेवढेच दिसते. शेवटचा शब्द ऊतिपरीक्षेचाच राहतो, आणि रेण्वीय खुणांचा सर्वांत जुना व भक्कम वर्ग याच ऊतिपरीक्षेच्या खांद्यावर उभा आहे.

या वर्गात प्रतिपिंडांच्या साहाय्याने मेणात बसवलेल्या ऊतीच्या पातळ कापावरची विशिष्ट प्रथिने रंगवली जातात. केआय-६७ हे प्रथिन फक्त विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींच्या केंद्रकात असते. रंग चढल्यावर निळसर पार्श्वभूमीवर तपकिरी केंद्रके उठून दिसतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली शंभरात किती तपकिरी, हे मोजले जाते. सौम्य गाठीत ती विरळ असतात, तर उग्र कर्करोगात जागोजाग. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांचे ग्राही निरोगी ग्रंथीत आणि सौम्य गाठीत सहसा टिकून असतात. पेशी जितकी बिघडते तितके ते हरवत जातात. स्नायुउपकला पेशींच्या केंद्रकातले पी-६३ हे प्रथिन मिश्र गाठींची गुंतागुंत उलगडायला मदत करते, तर पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे ई-कॅडहेरिन कमी झालेले दिसले तर पेशी सुटून जाण्याची शक्यता वाढते. कॉक्स-२ या विकराचे प्रमाण उग्र गाठींत, विशेषतः दाहक कर्करोगात, जास्त आढळते. या खुणेला दुहेरी उपयोग आहे, कारण तिच्यावरच काम करणारी पिरॉक्सिकॅम, फिरोकॉक्सिबसारखी औषधे उपलब्ध आहेत. माणसांच्या स्तनकर्करोगात उपचारांची दिशाच बदलून टाकणारे हर-२ हे प्रथिन मात्र कुत्र्यांत वादग्रस्त राहिले आहे. माणसासाठी बनवलेली प्रतिपिंडे कुत्र्याच्या ऊतीत नेमके तेच प्रथिन पकडतात का, याचीच खात्री नाही. म्हणून कुत्रीच्या अहवालातले ‘हर-२ पॉझिटिव्ह’ माणसाच्या अहवालाप्रमाणे वाचू नये.

हीच अडचण रक्तातल्या खुणांना अधिक तीव्रतेने भेडसावते. सीए १५-३ हे म्यूक-१ या प्रथिनाचे रक्तात सुटलेले रूप आहे आणि माणसांत स्तनकर्करोगाच्या पाठपुराव्यासाठी ते मोजले जाते. सीईए आणि एलडीएच या रक्तातल्या इतर खुणांचाही कुत्र्यांत अभ्यास झाला आहे. कर्करोग असलेल्या कुत्र्यांत सीए १५-३ ची पातळी वाढलेली आढळल्याचे अनेक अभ्यास आहेत. पण बहुतेक मोजमापे माणसासाठी बनवलेल्या किटवर झाली, आणि माणसाची सामान्य मर्यादा कुत्रीला लावणे निराधार आहे. शिवाय पातळी वाढते ती बहुधा रोग पुढे सरकल्यावर. तोपर्यंत गाठ बोटांना केव्हाच लागलेली असते.

रक्ततपासणीचा मोह समजण्याजोगा आहे. सुई, नळी आणि अहवाल, चिरफाड नाही. पण तिचा उपयोग कोणावर करायचा, यावर तिची किंमत ठरते. हिशेबापुरते एक उदाहरण घ्यावे. समजा, एखादी चाचणी १०० रोगी कुत्र्यांपैकी ८० पकडते आणि १०० निरोगींपैकी ९० जणींना बरोबर ‘निरोगी’ म्हणते. वरवर धडधाकट अशा १,००० माद्यांवर ती केली आणि त्यांत २० जणींना खरोखर कर्करोग असला, तर १६ सापडतील. पण ९८० निरोगींपैकी ९८ जणींवर खोटा शिक्का बसेल. एकूण ११४ ‘पॉझिटिव्ह’ अहवालांत खरे १६, म्हणजे सातात एकच. त्या इतर माद्यांचे मालक यवतमाळहून नागपूरला फेऱ्या मारतील, पैसे आणि झोप दोन्ही घालवतील. आता तीच चाचणी आधीच गाठ असलेल्या १०० माद्यांवर करावी, ज्यांतल्या ५० जणींची गाठ कर्करोगाची आहे. ४० खऱ्या सापडतील, खोट्या फक्त ५. चाचणी तीच, पण तिचा शब्द आता बराच विश्वासार्ह झाला. एवढे करूनही कर्करोगाच्या १० जणी ‘निगेटिव्ह’मध्ये निसटल्या, आणि अहवाल चांगला आला म्हणून त्यांची गाठ काढायची राहिली तर नुकसान भरून येत नाही. रक्ताच्या चाचणीवरून शस्त्रक्रिया टाळणे इतक्या अचूकतेवर परवडत नाही. चाचणीच्या जाहिरातीत टक्केवारी दिसते तेव्हा ती कोणत्या कुत्र्यांवर काढली, हा पहिला प्रश्न असायला हवा.

नव्या पिढीच्या खुणा न्यूक्लिइक आम्लांत शोधल्या जातात. त्यांचा पाया २००५ मध्ये घातला गेला, जेव्हा टाशा नावाच्या बॉक्सर कुत्रीचा संपूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला. कुत्र्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या ३९ जोड्या असतात, आणि माणसाच्या बहुसंख्य जनुकांना तिथे जोडीदार सापडतो. स्वीडनमधल्या इंग्लिश स्प्रिंगर स्पॅनियल कुत्र्यांत बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांतल्या फरकांचा स्तनगाठींशी संबंध २००९ मध्ये दाखवला गेला. कोरियातल्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अभ्यासात कुत्र्यांच्या स्तनगाठींत सर्वाधिक वेळा बदललेले जनुक आढळले पीआयके-३-सीए, आणि माणसाच्या स्तनकर्करोगातही ते सर्वाधिक बदलणाऱ्या जनुकांपैकी एक आहे. दोन्हींत बदलाची जागाही बहुधा एकच असते: प्रथिनातले १०४७ वे अमिनो आम्ल. माणसांत याच बदलावर काम करणाऱ्या अल्पेलिसिब या औषधाला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. रेण्वीय खूण उपचाराशी कशी जोडली जाते, याचे हे स्पष्ट उदाहरण.

मरणाऱ्या पेशींतून रक्तात सुटलेला डीएनए वाचून कर्करोग ओळखण्याची पद्धत, म्हणजेच लिक्विड बायोप्सी, कुत्र्यांसाठीही आली. हजाराहून अधिक कुत्र्यांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री अभ्यासात अनेक प्रकारचे कर्करोग मिळून सुमारे ५५ टक्के पकडले गेले आणि निरोगींपैकी ९८.५ टक्के कुत्र्यांना बरोबर वगळले गेले. लसिकार्बुद आणि रक्तवाहिन्यांचे अर्बुद यांत यश बरेच जास्त होते, कारण ते रक्तात भरपूर डीएनए सोडतात. स्तनातली लहान गाठ तसे करत नाही.

मायक्रो-आरएनएची गोष्ट वेगळी आहे, आणि विदर्भाच्या दृष्टीने कदाचित सर्वांत महत्त्वाची. जनुकांचे काम आवरणारे हे सुमारे २२ अक्षरांचे तुकडे. त्यांच्या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांना २०२४ चे नोबेल मिळाले. मायक्रो-आरएनए-२१ कुत्र्यांच्या स्तनकर्करोगात वाढलेले आढळते, जसे ते माणसांच्या अनेक कर्करोगांत आढळते. पण त्यांचा खरा गुण चिवटपणा हा आहे. लांबलचक आरएनए फॉर्मलिनमध्ये आणि उष्णतेत तुटून जातो, तर हे मुळातच लहान असल्याने वर्षानुवर्षे मेणाच्या ठोकळ्यातही वाचता येतात. रक्तातही ते प्रथिनांच्या किंवा सूक्ष्म पुटिकांच्या आवरणात सुरक्षित असतात. एकच पथ्य: रक्तपेशी फुटता कामा नयेत. तांबड्या पेशींतलेच मायक्रो-आरएनए द्रवात मिसळले की गुलाबी झालेल्या त्या नमुन्यातले आकडे निरर्थक होतात.

इथे भूगोल मध्ये येतो. यवतमाळ जिल्ह्याचे १६ तालुके एकाच दिशेला बघत नाहीत. यवतमाळ शहरापासून नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. वणीलाही नागपूरच सोयीचे. दारव्हा-नेरकडून अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था बरी पडते, तर उमरखेडला परभणीचे महाविद्यालय नागपूरपेक्षा जवळ. तिन्ही संस्था महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्याच. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना एसटीने किंवा कुरिअरने निघालेली रक्ताची साधी नळी तिथे पोहोचेपर्यंत पांढऱ्या पेशी फुटून त्यांचा डीएनए गाठीच्या डीएनएत मिसळलेला असतो. रक्तद्रव काही तासांत वेगळा करून गोठवणे, किंवा पेशी टिकवणाऱ्या खास नळ्या वापरणे, याला पर्याय नाही. याउलट रुंद तोंडाच्या बरणीत, ऊतीच्या दहापट १० टक्के फॉर्मलिनमध्ये बुडवलेली गाठ उन्हाची पर्वा न करता पोहोचते. मात्र मोठी गाठ अखंड टाकायची नाही. एक सेंटिमीटरपेक्षा जाड राहणार नाही असे काप आधी द्यायचे, नाहीतर मधला भाग सडतो आणि त्यावर कोणताही रंग चढत नाही. सुईने घेतलेल्या काचपट्ट्या त्याच खोक्यात ठेवायच्या नाहीत, कारण फॉर्मलिनच्या वाफेने त्यावरच्या पेशी रंग घेईनाशा होतात. चांगले नमुने वाया जातात ते बहुधा अशाच बारीक चुकांनी, यंत्रांच्या अभावी नव्हे.

स्तनाजवळच्या प्रत्येक गाठीचे मूळ स्तनात नसते, हेही ध्यानात ठेवावे लागते. भटक्या कुत्र्यांत संभोगातून पसरणारी संसर्गजन्य अर्बुदे भारतात सर्रास दिसतात, आणि चाटण्या-हुंगण्यातून ती कातडीवर, क्वचित स्तनांच्या भागातही रुजतात. हा कर्करोग मूळ एकाच कुत्र्याच्या पेशींतून हजारो वर्षांपूर्वी सुरू झाला आणि तेव्हापासून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जिवंत पेशींच्या रूपानेच जातो आहे. त्याच्या पेशींत सी-मिक या जनुकाशेजारी लाइन-१ हा डीएनएचा तुकडा घुसलेला असतो, आणि तेवढा सांधा पीसीआरने वाढवून पाहिला की ओळख पटते. निदानाच्या कामी इतकी निःसंदिग्ध खूण स्तनकर्करोगाला अजून मिळालेली नाही. फरक ओळखणे गरजेचे आहे, कारण हे अर्बुद व्हिन्क्रिस्टिनच्या काही साप्ताहिक मात्रांनी बहुधा पूर्ण बरे होते आणि तिथे स्तनांची पूर्ण ओळ कापून काढणे ही निष्कारण शिक्षा ठरेल.

कुत्री माणसाच्याच अंगणात राहते, तेच पाणी पिते, तीच धूळ हुंगते. त्यामुळे तिच्या गाठींकडे परिसराची सूचना म्हणून पाहण्याचा विचार जगभर मांडला जातो. यवतमाळमध्ये तो ऐकताच २०१७ चा खरीप आठवणे अपरिहार्य आहे, जेव्हा कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यातल्या वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. तरीही घाई नको. ती तीव्र विषबाधा होती. कर्करोग हा वर्षानुवर्षांच्या संपर्काचा प्रश्न आहे, आणि एकावरून दुसऱ्याचा निष्कर्ष काढता येत नाही. प्रश्न मात्र खरा आहे. गाठीच्या ऊतीतले कीटकनाशकांचे अंश आणि त्याच ऊतीतल्या जनुकांतले बदल एकत्र तपासले, तरच त्याचे उत्तर मिळू शकते.

भारतात या विषयावर काम होत आहे. १८८९ मध्ये पुण्यात सुरू झालेली आणि आज इज्जतनगरला असलेली भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था, तसेच तामिळनाडूचे पशुवैद्यक विद्यापीठ, इथे कुत्र्यांच्या स्तनगाठींतील जनुके व प्रथिने अभ्यासली गेली आहेत. पण खुणेची मर्यादा प्रदेशागणिक पारखावी लागते. युरोपातल्या स्पॅनियलवर ठरलेला आकडा पुसदच्या मिश्र जातीच्या कुत्रीला तसाच लागू होईल असे नाही. त्यासाठी लागणारा माल दूर नाही. विकृतिशास्त्र विभागांत काढलेल्या गाठींचे मेणाचे ठोकळे जपून ठेवण्याची पद्धत असते, आणि केआय-६७, कॉक्स-२, पीआयके-३-सीएतला बदल आणि मायक्रो-आरएनए या चारही गोष्टी त्याच ठोकळ्यातून मोजता येतात. कमतरता असते ती सोबतच्या नोंदीची: कोणती ग्रंथी, किती सेंटिमीटर, निर्बीजीकरण कितव्या माजानंतर, संप्रेरकांची इंजेक्शने दिली होती का, गाठ पुन्हा आली का, आणि कुत्री कधी व कशाने गेली. पहिल्या चार गोष्टी नमुना पाठवणाऱ्या डॉक्टरने बरणीवरच्या चिठ्ठीसोबत लिहायच्या असतात. शेवटच्या दोन सहा महिन्यांनी, वर्षाने आणि दोन वर्षांनी मालकाला फोन करून विचारायच्या असतात.